कार्यप्रणालीचे शुद्धिपत्र

ओपनबीएसडी या मुक्त कार्यप्रणालीची नवी आवृत्ती दर सहा महिन्यांनी निघते आणि तिच्यासोबत तिचे शुद्धिपत्रही सुरू होते. पुस्तकाचे शुद्धिपत्र एकदा छापले की संपले. हे वर्षभर वाढत राहते. प्रत्येक नोंदीला ००१, ००२ असा क्रमांक, तारीख, ती कोणत्या प्रकारच्या संगणकांना लागू आहे याचा उल्लेख, दोन-तीन वाक्यांत दोषाचे वर्णन आणि सोबत दुरुस्तीची फाइल. वर्णनाच्या आधी बहुधा दोनपैकी एक शिक्का असतो: ‘सुरक्षा दुरुस्ती’ किंवा ‘विश्वासार्हता दुरुस्ती’. ज्या दोषाचा फायदा घेऊन परक्याला यंत्रात शिरता येते, नको ते वाचता येते किंवा आपला अधिकार वाढवून घेता येतो, तो पहिल्या खान्यातला. ज्यामुळे यंत्र कोसळते, अडकून बसते किंवा चुकीचे काम करते, तो दुसऱ्या खान्यातला. कागदावर ही वाटणी स्वच्छ दिसते. पण एखादा दोष कोणत्या खान्यात पडेल हे पुष्कळदा त्याच्यामागे कोण किती चिकाटीने लागला यावर ठरते. याचा सर्वांत बोलका पुरावा ओपनबीएसडीच्याच २००७ सालच्या एका नोंदीत आहे.

ही प्रणाली १९९५ साली नेटबीएसडीपासून वेगळी झाली. तिचे मूळ कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात वाढलेल्या युनिक्समध्ये आहे, आणि तिचे संस्थापक थिओ डी राट कॅनडातल्या कॅलगरी शहरातून आजही तिचे काम पाहतात. १९९६पासून या गटाने सगळी संहिता, म्हणजे मूळ सोर्स कोड, ओळीओळीने तपासायला घेतली. तपासणीची पद्धत त्या काळात वेगळी होती. चोराला शिरता येईल अशी फट शोधण्यावर वेळ घालवायचा नाही. चूक दिसली की ती घातक आहे का, हे ठरण्याची वाट न पाहता दुरुस्त करायची. एका फाइलमध्ये चुकीची एखादी सवय सापडली, की तीच सवय बाकीच्या हजारो फाइलींत शोधायची. पुढे इतर प्रणालींमध्ये एखादी फट जाहीर झाली की तपासताना अनेकदा असे दिसे, की ओपनबीएसडीत ती काही महिन्यांपूर्वीच बुजलेली आहे आणि बुजवणाऱ्याने तिची नोंद साधी चूक म्हणून केली होती. मजकुराची नक्कल करताना जागेचे भान न ठेवणारी सी भाषेतली जुनी फंक्शने सर्वत्र धोका निर्माण करत होती. त्यांच्या जागी जागेचे माप मागून घेणारे ‘स्ट्रलसीपीवाय’ आणि त्याचे भावंड १९९८च्या २.४ आवृत्तीत आले, ते याच शिस्तीतून.

दुरुस्तीची फाइल म्हणजे पॅच. या शब्दाचा मूळ अर्थ ठिगळ असा आहे आणि तो शब्दशः खरा होता: छिद्रे पाडलेल्या कागदी पट्ट्यांवर प्रोग्रॅम असत तेव्हा चुकलेल्या छिद्रावर कागदाचा तुकडा चिकटवून ते बुजवत. आजचे ठिगळ साध्या मजकुराचे असते. उणे चिन्हाने सुरू होणाऱ्या ओळी काढायच्या, अधिक चिन्हाच्या ओळी घालायच्या, आणि जागा ओळखता यावी म्हणून आजूबाजूच्या दोन-चार ओळी जशाच्या तशा. दोन फाइलींतला असा फरक काढून देणारा ‘डिफ’ हा प्रोग्रॅम १९७०च्या दशकात बेल प्रयोगशाळेतल्या युनिक्ससोबत आला. तो फरक जुन्या फाइलीवर चढवणारा ‘पॅच’ लॅरी वॉल यांनी १९८५ साली लिहिला. वॉल यांचे नाव पुढे पर्ल भाषेमुळे अधिक गाजले. पण जगभर विखुरलेल्या माणसांनी एकाच संहितेवर काम करायचे, ही गोष्ट शक्य झाली त्यात या लहानशा प्रोग्रॅमचा वाटा फार मोठा आहे. संपूर्ण फाइल पाठवण्याऐवजी दहा ओळी पाठवता आल्या, आणि त्या दहा ओळी वाचून दुसऱ्याला चूक समजू लागली. शुद्धिपत्रातल्या ठिगळाचा हाच सर्वांत मोठा गुण आहे: ते वाचता येते.

आता २००७ सालची नोंद. त्या वेळी ४.० ही आवृत्ती चालू होती. जाळ्यावरून आलेला मजकूर कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, ‘एमबफ’ नावाच्या लहान लहान खोक्यांत साठवतो. खोकी आगगाडीच्या डब्यांसारखी एकमेकांना जोडलेली असतात. प्रत्येकाच्या तोंडाशी पुढचे खोके कुठे आहे आणि आत किती माल आहे याची चिठ्ठी असते. आयपी आवृत्ती ६च्या तुकड्यातुकड्यांनी आलेल्या विशिष्ट संदेशांसाठी ही साखळी हाताळताना कर्नलचा हिशेब चुकत होता आणि मजकूर खोक्याबाहेर सांडत होता. कोअर सिक्युरिटी या कंपनीतल्या आल्फ्रेडो ओर्तेगा यांना हे सापडले. कंपनीने २० फेब्रुवारीला ओपनबीएसडीला कळवले आणि दूरवरून यंत्र कोसळवता येते हे दाखवणारा नमुनाही दिला. २६ तारखेला विकासशाखेत दुरुस्ती दाखल झाली.

इथून वाद सुरू झाला. ओपनबीएसडीच्या मते यंत्र कोसळणे आणि यंत्राचा ताबा जाणे या दोन वेगळ्या गोष्टी होत्या, आणि पहिलीला सुरक्षेची फट म्हणणे म्हणजे त्या शब्दाचे वजन घालवणे. कोअरचे म्हणणे असे, की कोसळवता येणे हीसुद्धा सुरक्षेचीच बाब आहे, आणि ताबा घेता येत नाही असे अजून कोणी सिद्ध केलेले नाही. ओपनबीएसडीने उत्तर दिले, की बिघडणाऱ्या भागात बाहेरच्या माणसाचा मजकूर पोचतच नाही. इतक्या खोलवरच्या चुकीतून कोणी आपला प्रोग्रॅम चालवून दाखवला तर ते आश्चर्यच ठरेल. ५ मार्चला कोअरने ते चालवून दाखवले, तेही थेट कर्नलच्या अधिकारात. ७ मार्चला ४.० आणि ३.९ या दोन्ही आवृत्त्यांसाठी ठिगळ निघाले, पण त्यावरचा शिक्का ‘विश्वासार्हता दुरुस्ती’ हाच होता. ९ मार्चला तो बदलून ‘सुरक्षा दुरुस्ती’ झाला. १३ मार्चला कोअरने आपले निवेदन प्रसिद्ध केले.

या तीन आठवड्यांत दोष तोच राहिला आणि त्यावरचे ठिगळही तेच राहिले. बदलला तो फक्त त्याच्याविषयीचा अंदाज. याची किंमत व्यवहारात मोठी असते, कारण सर्व्हर सांभाळणारा माणूस शिक्का पाहून घाई ठरवतो. ‘विश्वासार्हता’ असे वाचले की तो रविवारच्या रात्रीची वाट पाहतो. ‘सुरक्षा’ असे वाचले की त्याच दुपारी कामाला लागतो. ओपनबीएसडीच्या बाजूनेही एक गोष्ट नोंदवायला हवी: शिक्क्यावरून मतभेद चालू असताना दुरुस्ती थांबलेली नव्हती, आणि ठिगळ लावेपर्यंत ‘पीएफ’ या अंतर्भूत फायरवॉलमध्ये एका ओळीच्या नियमाने आवृत्ती ६चे संदेश अडवावेत, हा तात्पुरता उपायही नोंदीत दिला होता. प्रकल्पाच्या दर्शनी पानावर मूळ मांडणीतल्या, दूरवरून शिरता येणाऱ्या फटींचा आकडा असतो. २००२ साली दूरस्थ प्रवेशाच्या ओपनएसएसएच या प्रोग्रॅममधल्या एका दोषाने तो एक झाला होता. या प्रकरणाने तो दोन झाला, आणि तो बदल त्यांनी स्वतः केला.

याच्या उलट दिशेचे उदाहरण १ जुलै २०२४ रोजी जगासमोर आले. दूरच्या संगणकावर सुरक्षित प्रवेश देणारा ओपनएसएसएच हा ओपनबीएसडीचाच प्रकल्प. पुणे-मुंबईतल्या माहिती तंत्रज्ञान कंपन्यांत लिनक्स सर्व्हर सांभाळणाऱ्यांच्या हाताखालून तो रोज जातो. क्वालिस कंपनीच्या संशोधकांना त्यात एक जुना दोष पुन्हा जिवंत झालेला आढळला. जोडणी करून ठरलेल्या वेळात, मूळ मांडणीत १२० सेकंदांत, कोणी ओळख पटवली नाही तर घड्याळाचा इशारा वाजतो आणि चालू काम अर्ध्यावर थांबवून सर्व्हर नोंदवहीत तसे लिहायला जातो. लिनक्सवरचे ते लेखन करणारे फंक्शन स्मृतीतली जागा मागते. नेमके त्याच क्षणी अर्ध्यावर सोडलेले कामही स्मृतीची मांडणी बदलत असेल तर हिशेब विस्कटतो. हा दोष २००६ साली एकदा बुजवला होता. ऑक्टोबर २०२०च्या एका बदलात ती काळजी अनवधानाने गळून पडली. क्वालिसच्या ३२ बिटांच्या चाचणीत सरासरी सुमारे १०,००० प्रयत्नांनंतर यंत्राचा संपूर्ण ताबा मिळाला.

ओपनबीएसडीवर हा हल्ला चालत नाही. तिथे इशाऱ्याच्या वेळी नोंद लिहिण्यासाठी वेगळे, स्मृतीला हात न लावणारे फंक्शन २००१ सालीच केलेले होते. ते लिहिताना २०२४चा हल्ला कोणाच्या स्वप्नातही नव्हता. अर्ध्यावर थांबवलेल्या कामात असे फंक्शन बोलावणे चूक आहे, एवढेच कारण पुरेसे मानले गेले. २००७ साली विश्वासार्हतेच्या खान्यात टाकलेला दोष सुरक्षेचा निघाला होता. इथे निव्वळ विश्वासार्हतेसाठी केलेल्या कामाने तेवीस वर्षांनी सुरक्षा दिली. शिक्क्यांबाबत या गटाचे एकदा चुकले, पण चूक दिसताच ती सुधारण्याची त्यांची जुनी सवय शिक्क्यांपेक्षा अधिक कामाची ठरली.

ठिगळ कुठून आले याची खात्री हा वेगळाच प्रश्न आहे. खोटे ठिगळ लावून घेणे हे ठिगळ न लावण्यापेक्षा वाईट. मे २०१४च्या ५.५ आवृत्तीपासून ओपनबीएसडीने ‘साइनिफाय’ हे स्वतःचे छोटे साधन वापरात आणले. प्रत्येक ठिगळावर प्रकल्पाची डिजिटल सही असते आणि ती पडताळण्याची सार्वजनिक किल्ली अवघ्या ५६ अक्षरांची, एका ओळीत मावणारी. पुढच्या आवृत्तीची किल्ली आधीच्या आवृत्तीतच घातलेली असते. त्यामुळे एकदा खरी प्रत हाती आली की विश्वासाची साखळी एका आवृत्तीतून पुढच्या आवृत्तीत आपोआप जाते.

तरीही बरीच वर्षे ठिगळ लावणे हे कष्टाचे काम होते. संहिता उतरवून घ्यायची, तिच्यावर ठिगळ चढवायचे, मग कर्नल किंवा संबंधित प्रोग्रॅम पुन्हा बांधायचा. मंद यंत्रावर यात तास जात. अनेकांनी याच कारणाने ठिगळे टाळली असणार, आणि त्यांना दोष देणे कठीण आहे. एप्रिल २०१७च्या ६.१ आवृत्तीत ‘सिसपॅच’ आले. आता प्रशासक एक आज्ञा देतो. साधन न लावलेली ठिगळे शोधते, सह्या तपासते, आधीच बांधलेल्या फाइली जागेवर ठेवते. जुन्या फाइली बाजूला जपून ठेवल्या जातात, म्हणजे ठिगळाने काही बिघडले तर शेवटचे ठिगळ उसवता येते. ही सोय काही मोजक्या, जास्त वापरातल्या संगणक रचनांसाठीच आहे. बाकीच्यांना जुनी वाट धरावी लागते.

पुढच्याच ६.२ आवृत्तीत एक नवी अडचण उभी राहिली, आणि ती प्रणालीच्याच एका चांगल्या गुणातून आली. हल्लेखोराला कर्नलचा कोणता भाग स्मृतीत कुठे आहे याचा अंदाज बांधता येऊ नये म्हणून प्रत्येक यंत्र दर वेळी सुरू होताना आपल्या कर्नलचे तुकडे नव्या, यादृच्छिक क्रमाने जोडून पुढच्या वेळेसाठी ठेवू लागले. म्हणजे जगातल्या कोणत्याही दोन यंत्रांवरचे कर्नल सारखे नाहीत. मग तयार कर्नल ठिगळ म्हणून पाठवायचा कसा? उत्तर असे निघाले, की पूर्ण कर्नल पाठवायचा नाही, बदललेले सुटे तुकडे पाठवायचे. यंत्र ते आपल्या तुकड्यांत मिसळते आणि स्वतःच्या क्रमाने नवा कर्नल जोडते.

वेळापत्रकाच्या बाबतीत शुद्धिपत्र कोणासाठी थांबत नाही. एप्रिल २०१४मध्ये ओपनएसएसएल या कूटलेखन संग्रहातला ‘हार्टब्लीड’ दोष जाहीर झाला. सर्व्हरच्या स्मृतीतला खाजगी मजकूर बाहेरच्याला थोडा थोडा वाचू देणारा हा दोष. तेव्हा ५.५ आवृत्ती तयार होती, पण प्रकाशन १ मे रोजी व्हायचे होते. तिच्या शुद्धिपत्रात हार्टब्लीडचे ठिगळ ८ एप्रिललाच दाखल झाले. वाचकाच्या हाती पुस्तक पडण्याआधी त्याचे शुद्धिपत्र निघाले. ठिगळ अगदी लहान होते. पण ते लावताना आजूबाजूचे कापड किती विरले आहे हे गटाला दिसले आणि त्यांनी तो संग्रहच वेगळा काढून ‘लिब्रेएसएसएल’ या नावाने साफ करायला घेतला. पहिल्या आठवड्यातच त्यातून सुमारे ९०,००० ओळी काढून टाकल्या गेल्या.

डिसेंबर २०१९मध्ये क्वालिसने ओपनबीएसडीच्या ओळख-पडताळणीतलाच एक दोष कळवला. वापरकर्त्याच्या नावाच्या जागी उणे चिन्हाने सुरू होणारा विशिष्ट शब्द दिला, की ओळख तपासणारा प्रोग्रॅम त्याला नाव न समजता स्वतःला दिलेली सूचना समजे आणि पासवर्ड न पाहताच होकार देई. ठिगळे पहिल्या संपर्कापासून ४० तासांच्या आत बाहेर पडली. पगारी कर्मचाऱ्यांचा ताफा नसलेल्या, बहुतांश स्वयंसेवकांच्या प्रकल्पासाठी हा वेग असामान्य आहे. २०१४च्या जानेवारीत याच प्रकल्पाला आपल्या यंत्रांचे वर्षाचे सुमारे २०,००० डॉलरचे वीजबिल भरण्यासाठी लोकांकडे मदत मागावी लागली होती, हे लक्षात घेतले की त्या ४० तासांचे मोल कळते. ठिगळ लिहायला एक माणूस पुरतो. ते प्रत्येक प्रकारच्या संगणकावर बांधून पाहायला यंत्रे चालू असावी लागतात.

ठिगळे फक्त शेवटच्या दोन आवृत्त्यांना मिळतात. दुरुस्ती आधी विकासशाखेत होते, मग त्यातला अगदी आवश्यक तेवढाच भाग या दोन आवृत्त्यांत मागे नेला जातो. नवी सोय किंवा शोभेचा बदल ठिगळात घालायचा नाही हा दंडक आहे. प्रशासकाला ठिगळ डोळे मिटून लावता यावे, यासाठीच. नवी आवृत्ती निघाली की तिसऱ्या क्रमांकावर ढकलली गेलेली आवृत्ती साधारण वर्षभराच्या आयुष्यानंतर आधाराबाहेर जाते. ऑक्टोबर २०१९च्या ६.६ आवृत्तीपासून ‘सिसअपग्रेड’ ही आज्ञा एका आवृत्तीवरून पुढच्या आवृत्तीवर जाण्याचे काम जवळजवळ आपोआप करते. मागे राहिलेल्या आवृत्तीत नंतर दोष सापडला तरी तिच्या शुद्धिपत्रात नवा क्रमांक पडत नाही. पान मात्र काढले जात नाही. १९९०च्या दशकातल्या आवृत्त्यांची शुद्धिपत्रे, ठिगळांसकट, आजही वाचता येतात.