शाळा तिथेच, मालक तिसरा

एलसीची झेरॉक्स काढून बघा. ओरिजिनल ज्युनियर कॉलेजने कधीच ठेवून घेतली असणार, पण घरच्या फाइलमध्ये आईने दोन-तीन झेरॉक्स जपून ठेवलेल्या असतात. त्यावर अकरा आकडी यूडायस नंबर सापडेल. पहिले दोन आकडे २७, म्हणजे महाराष्ट्र. पुढचे दोन २१ असतील तर ठाणे जिल्हा, ३६ असतील तर पालघर. आता जन्मस्थळाचा रकाना बघा. वसई, वाडा, डहाणूकडच्या मंडळींपैकी अनेकांना इथे गंमत दिसेल. जन्मस्थळापुढे ‘जि. ठाणे’ आणि शाळेच्या पत्त्यात ‘जि. पालघर’. तुम्ही कुठेही गेला नव्हतात. १ ऑगस्ट २०१४ ला जिल्हाच पायाखालून सरकला.

गंमत इथपर्यंतच. कारण हाच कागद कधी कधी अख्खी ॲडमिशन अडवतो.

माझी एक मैत्रीण ठाण्यातल्या एका जुन्या गावठाणातली, आगरी समाजाची. बारावीनंतर इंजिनीअरिंगसाठी कास्ट व्हॅलिडिटी हवी होती. ओबीसीसाठी १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा लागतो (अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१, या तारखा ज्यांना लागतात त्यांना पाठ असतात). तिच्या आजोबांकडे ना सातबारा, ना जन्माचा दाखला. ते गावच्या मराठी शाळेत दोन इयत्ता शिकले होते, एवढीच काय ती माहिती. म्हणजे शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये नाव आणि जात असणार. शाळा अजून जागेवर आहे, फक्त इमारत नवीन. मग प्रॉब्लेम काय?

प्रॉब्लेम हा की शाळा कुणाची, हे कुणालाच सांगता येईना. एका कार्यालयात म्हणाले, ‘एवढं जुनं आमच्याकडे नसतं, तेव्हा शाळा आमची नव्हती.’ दुसऱ्या कार्यालयात म्हणाले, ‘शाळा आता आमची नाही.’ दोघंही खरंच बोलत होते!

आपल्या भागातल्या सरकारी शाळांचा इतिहास या दोन वाक्यांच्या मधे अडकलेला आहे. तो पाठ्यपुस्तकात नाही, म्हणून थोडा इथे सांगते. इंग्रजी अमलात १८५५ मध्ये शिक्षण खातं सुरू झालं. गावोगावच्या मराठी शाळा आधी त्या खात्याकडे होत्या, पुढे लोकल बोर्ड आणि नगरपालिकांकडे आल्या. १९२३ च्या मुंबई प्राथमिक शिक्षण कायद्याने त्यांचा कारभार स्थानिक संस्थांच्या हातात दिला. १९४७ मध्ये नवा कायदा आला आणि जिल्ह्याजिल्ह्यात स्कूल बोर्ड बसलं. त्यात एक मेख होती. सगळ्याच नगरपालिकांना स्वतःच्या शाळा चालवण्याचा अधिकार नव्हता. ज्यांना तो मिळाला त्या ‘अधिकृत’, बाकीच्यांच्या हद्दीतल्या शाळा जिल्ह्याकडे. त्यामुळे शहरात राहूनही शाळा जिल्ह्याची, हा प्रकार तेव्हापासूनचा आहे. मग १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा आल्या आणि गावची शाळा ‘झेडपीची’ झाली. हा शब्द इतका रुळला की आजही ठाण्यात, डोंबिवलीत लोक महापालिकेच्या शाळेलाही झेडपीची म्हणतात.

मैत्रिणीचे आजोबा पहिलीत बसले १९५१ मध्ये. तेव्हा शाळा स्कूल बोर्डाची. १९६२ ला जिल्हा परिषदेची. १ ऑक्टोबर १९८२ ला ठाणे महापालिका झाली, तेव्हा कळवा, मुंब्रा, बाळकुम, कोलशेत अशी आजूबाजूची गावं शहरात आली. तिच्या गावाचंही तेच झालं आणि शाळेला महापालिकेचा नंबर मिळाला. तीन मालक, एकच वडाचं झाड.

याच्या उलट उदाहरण ठाणे शहरातच आहे. बी. जे. हायस्कूल. बैरामजी जीजीभॉय या पारशी दानशूराच्या नावाची ही शाळा भर शहरात, महापालिकेच्या हद्दीत, तरी ती जिल्हा परिषदेची. तिथून हजार वेळा गेलात तरी हे लक्षात येत नाही.

कल्याण-डोंबिवलीवाल्यांनो, तुमची कहाणी जास्त गुंत्याची आहे. १ ऑक्टोबर १९८३ ला महापालिका झाली तेव्हा तिच्यात कल्याण, डोंबिवलीच नाही, तर अंबरनाथ आणि बदलापूरही होतं. ते दोघं १९९२ मध्ये बाहेर पडले आणि त्यांना पुन्हा स्वतःची नगरपालिका मिळाली. कल्याण-शीळ रोडच्या आजूबाजूची २७ गावं आत राहिली, आणि खरी खो-खो तिथे सुरू झाली. २००२ मध्ये गावं महापालिकेबाहेर. २०१५ च्या जूनमध्ये पुन्हा आत. मार्च २०२० मध्ये त्यातली १८ गावं वगळण्याचा निर्णय. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये हायकोर्टाने तो रद्द केला.

आता तुमच्या वयाचा हिशेब लावा. २००५ मध्ये निळजे किंवा दावडीला जन्मलेला मुलगा ग्रामपंचायतीत जन्मला, दहाव्या वर्षी महापालिकेत गेला, दहावीच्या आसपास त्याला सांगितलं गेलं की तू बाहेर, आणि वर्ष संपायच्या आत सांगितलं की नाही, आतच. घर एकच, समोरचा खड्डासुद्धा तोच.

पण गाव महापालिकेत आलं म्हणून शाळा त्याच दिवशी महापालिकेची होत नाही, आणि याचं कारण भावनिक वगैरे नाही, पैशाचं आहे. झेडपीच्या प्राथमिक शिक्षकांचा पगार शासनाच्या अनुदानातून होतो. महापालिकेच्या शाळेत शासन निम्मा भार उचलतं, उरलेला निम्मा महापालिकेने स्वतःच्या तिजोरीतून द्यायचा. म्हणजे शाळा घेणं म्हणजे शिक्षक, इमारत, जमीन, गळकं छप्पर, सगळं अंगावर घेणं. शिक्षकालाही विचार पडतो: माझी सेवाज्येष्ठता कुठल्या यादीत, बदली कुठे? मग फाइल या टेबलावरून त्या टेबलावर फिरते. त्या काळात छप्पर गळतच राहतं, कारण दुरुस्ती कुणी करायची हे त्याच फाइलमध्ये असतं. मला यात कुणी एक व्हिलन दिसत नाही. नकाशावर रेघ ओढणाऱ्यांनी शाळेचा विचार सगळ्यात शेवटी केला, एवढं मात्र दिसतं.

जिल्हा तुटला तेव्हाही तसंच. २०१४ ला ठाण्यातले आठ तालुके पालघरला गेले, सात इथे उरले. शाळा, शिक्षक, फाइली यांची वाटणी झाली. पण उरलेल्या ठाणे जिल्हा परिषदेची निवडणूक व्हायला डिसेंबर २०१७ उजाडला. तोवर प्रशासक. मुरबाड-शहापूरच्या पाड्यावरच्या शाळेबद्दल भांडायला त्या तीन-साडेतीन वर्षांत निवडून आलेला जिल्हा परिषद सदस्यच नव्हता.

आणि नेमकं त्याच महिन्यात दुसरं प्रकरण आलं. दहापेक्षा कमी पट असलेल्या १,३१४ शाळा जवळच्या शाळेत मिसळण्याचा राज्य सरकारचा निर्णय. सप्टेंबर २०२३ मध्ये ‘समूह शाळा’ हा शब्द आला. वीसपेक्षा कमी पट असलेल्या १४,७८३ शाळा राज्यात आहेत, त्यांतून जमतील तिथे मोठ्या शाळा करायच्या, अशी ती योजना. नमुना म्हणून नंदुरबारमधलं तोरणमाळ आणि पुण्यातलं पानशेत पुढे ठेवलं होतं.

मला या प्रश्नावर सरळ हो किंवा नाही म्हणता येत नाही. एका खोलीत चार इयत्ता आणि एकच गुरुजी, तेही निम्मा वेळ माहिती भरण्यात, ही शाळा चांगली असं कोण म्हणेल? मोठ्या शाळेत मुलांना सोबती मिळतात, विज्ञानाचं साहित्य मिळतं. पण शिक्षण हक्काच्या नियमात पाचवीपर्यंतची शाळा एक किलोमीटरच्या आत हवी, हे उगाच लिहिलेलं नाही. शहापूरच्या पाड्यावर जुलै महिन्यात एक किलोमीटर म्हणजे मधे एक ओढा असतो. गाडी देऊ म्हणतात. ती गाडी पावसात येते का, हे पाड्यावरच्या आईला विचारायला हवं. आणि गाडी बंद झाली तर आधी कुणाचं शिक्षण थांबतं, हे तुम्हालाही माहितीये. मुलीचं.

तर तुम्हाला उतारा काढायची वेळ आली तर एवढं लक्षात ठेवा. जनरल रजिस्टर हे कायमस्वरूपी दप्तर आहे. ते आधी शाळेतच शोधायचं, मालक कुणी का असेना. शाळा बंद झाली किंवा दुसरीत मिसळली असेल तर ज्या शाळेत मिसळली तिथे विचारा. तिथे नाही मिळालं तर केंद्रप्रमुख, मग पंचायत समितीचे गटशिक्षणाधिकारी. महापालिका असेल तर तिचा शिक्षण विभाग. लेखी अर्ज द्या आणि पोचवर शिक्का घ्या. तोंडी ‘नाही’ म्हणणं सोपं असतं, अर्जावर तसं लिहून देणं जड जातं. खूप जुनं पान असेल तर ते मोडीत असू शकतं. २०२३ मध्ये मराठा-कुणबी नोंदी शोधताना शाळांची दप्तरंही उघडली गेली आणि अचानक सगळ्यांना मोडी वाचणारे हवे झाले. कॉलेजमध्ये मोडीचा वर्ग निघाला तर करून टाका.

मैत्रिणीचं काम शेवटी शाळेतच झालं. मुख्याध्यापक बाई म्हणाल्या, ‘अगं, माळ्यावर दोन ट्रंका आहेत, उघडल्या नाहीत बरीच वर्षं.’ शिपाई काकांनी त्या उतरवल्या. वाळवी दुसऱ्या ट्रंकेला लागली होती, पहिलीला नाही. निव्वळ नशीब. रजिस्टरच्या पुठ्ठ्यावर ‘स्कूल बोर्ड, ठाणे’ असं शाईने लिहिलेलं. आजोबांचं नाव, वडिलांचं नाव, जात, जन्मतारीख (सगळ्या गावाची असते तशी १ जून), दाखल तारीख. पुढे शाळा सोडल्याचं कारण. तिला वाटलं होतं ‘गरिबी’ वगैरे काहीतरी असेल. तिथे एकच शब्द होता, ‘गैरहजर’. त्या पानावर बावीस नावं होती, त्यातल्या सतरांपुढे तोच शब्द.

तिने घरी जाऊन आजोबांना विचारलं, तुम्ही गैरहजर का होतात? ते म्हणाले, भातकापणी होती गं, नंतर परत गेलो तर गुरुजींनी नाव काढलेलं.