‘एकस्थानी’ कॉफी : नामकरणाचा एक प्रश्न

अलीकडे कॉफीच्या पाकिटांवर ‘सिंगल ओरिजिन’ हा शब्दप्रयोग वारंवार आढळतो. त्यासाठी येथे ‘एकस्थानी’ ही संज्ञा योजिली आहे. इतर ठिकाणच्या दाण्यांचे मिश्रण नसलेली, एकाच स्थानी पिकलेली कॉफी, हा तिचा सामान्य अर्थ होय. परंतु ‘स्थान’ म्हणजे देश, जिल्हा, डोंगर की एका कुटुंबाचा मळा, हे संज्ञा सांगत नाही. तिची व्याप्ती विक्रेताच ठरवितो.

ह्या व्यापारातील स्थलनामे मुळातच फसवी आहेत. ‘मोखा’ हे येमेनमधील बंदर. कॉफी पिके ती आतील डोंगरउतारांवर. माल ज्या ठिकाणी जहाजावर चढे, त्याचे नाव मालाला मिळाले. पुढे त्याच शब्दास चॉकलेटमिश्रित पेयाचा अर्थ चिकटला आणि बंदरही विस्मृतीत गेले.

आपल्याकडील प्रतवारीची परिभाषा तर स्थळाचा निर्देशच करीत नाही. ‘प्लँटेशन ए’ म्हटल्यावर एखादा विस्तीर्ण मळा डोळ्यांसमोर यावा. वस्तुतः ‘प्लँटेशन’ म्हणजे गर काढून, धुऊन वाळविलेली अरेबिका, आणि ‘ए’ हे दाण्याच्या आकाराचे चिन्ह. फळ सालीसकट उन्हात वाळविले की तीच अरेबिका ‘चेरी’ ठरते. ही परिभाषा तत्कालीन व्यवस्थेस साजेशीच होती. १९४२ च्या कॉफी कायद्यान्वये मळेवाल्याने पीक कॉफी मंडळाच्या सामायिक साठ्यात जमा करावयाचे व प्रतवारीप्रमाणे मोबदला घ्यावयाचा, असा क्रम होता. १९९० नंतरच्या दशकात तो टप्प्याटप्प्याने संपुष्टात आला. तोवर कोडगूतील दोन हेक्टरांच्या मळ्याचे नाव टिकण्यास जागाच नव्हती.

२०१९ मध्ये कोडगू, चिकमगळूर, बाबाबुडनगिरी व अराकू येथील अरेबिकेस आणि वायनाडच्या रोबस्टास भौगोलिक मानांकन मिळाले. ही नावे प्रदेशाची आहेत. छोटा मळेवाला त्यांत सामावतो खरा, पण स्वतःच्या नावानिशी नव्हे. भारतातील कॉफी उत्पादकांपैकी सुमारे ९९ टक्के दहा हेक्टरांपर्यंतच्या जमिनीचे धनी आहेत, हे ध्यानात घेतले म्हणजे प्रश्न किती जणांचा आहे ते कळते.

एका मळ्याचे नाव खरे ठरण्यास काय लागते? एकाच फांदीवरील फळे एकदम पिकत नाहीत. म्हणून पिकलेली तेवढीच वेचीत पुनःपुन्हा फिरावे लागते, आणि घरची माणसे मोजकी असतात. सुमारे सहा किलो फळांपासून एक किलो हिरवा दाणा हाती येतो. धुतलेली कॉफी करावयाची, तर गर काढण्याचे यंत्र व मुबलक पाणी हवे. खरी कसोटी ह्यापुढची. टरफल काढून दाणे निवडणाऱ्या क्युअरिंग कारखान्यात थोडक्या पोत्यांचा माल वेगळा चालविणे परवडत नाही. तो इतरांच्या मालात मिसळला, की पाकिटावर काहीही छापले तरी नाव निरर्थक झाले. म्हणून प्रस्तुत लेखकाच्या मते, ज्या पाकिटावर केवळ जिल्ह्याचे नाव आहे, तेथे ‘एकस्थानी’चा अर्थ जिल्हा एवढाच घ्यावा, कुटुंबाचे छायाचित्र छापल्याने तो बदलत नाही.

पुष्कळदा नाव कारखान्यापर्यंतही पोचत नाही. हाती पैसा हवा असतो, आणि वाळलेली चेरी अंगणातच स्थानिक व्यापाऱ्याच्या काट्यावर चढते. त्याच्या वहीत वजन व भाव ह्यांची नोंद होते. टेम्पोत शेजारच्या चार मळ्यांची पोती आधीच रचलेली असतात.