ग्रुपवरची टीप, विकीचे पान

बाभुळगावकडे कपाशीची फवारणी सुरू झाली की मोबाइलवर सल्लेही सुरू होतात. हे औषध घ्या, त्यात ते मिसळा. पंधरा दिवसांनी तोच सल्ला शोधायला गेले तर सापडत नाही. खाली कोणी ‘हे चूक आहे’ लिहिले असले, तरी मूळ संदेश पुढे फिरतच राहतो.

प्रोग्रॅमर मंडळींपुढेही असाच प्रश्न होता. सॉफ्टवेअर रचनेतल्या खुब्या एका जागी राहाव्यात म्हणून वॉर्ड कनिंगहॅम यांनी १९९५ मध्ये पहिले विकी सुरू केले. नाव घेतले होनोलुलू विमानतळावरच्या ‘विकी विकी’ बसवरून. हवाईयन भाषेत त्याचा अर्थ झटपट. ज्याला चूक दिसेल त्यानेच ती दुरुस्त करायची. आजच्या विकीत कोणी, कधी, काय बदलले याची नोंदही राहते. मराठी विकिपीडिया २००३ पासून असाच चालतो.

शेतीसल्ल्यात ही नोंद जिवाची बाब आहे. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक जण दगावले. अनेकांनी दोन-तीन कीटकनाशके एकत्र केली होती. मात्र मात्रेचा आकडा कोणीही बदलावा, हेही परवडणारे नाही. अशी पाने जाणकारांपुरतीच खुली ठेवावीत. विकीत ती सोय असते.

त्या पानावर पहिली ओळ ही हवी: विषबाधा झाल्यास रुग्णासोबत औषधाचा डबा न्या. ऑर्गॅनोफॉस्फेट गटातल्या विषावर अॅट्रोपिन देतात, सगळ्याच विषांवर नाही. डॉक्टरांना आधी घटकाचे नाव कळावे लागते.