रेंज गेली तरी चालणारा वर्ग

मुरबाड तालुक्यातलं धसई २०१६च्या डिसेंबरात राज्यातलं पहिलं रोकडरहित गाव म्हणून जाहीर झालं. शेजारच्या शहापूर तालुक्यात, पष्टेपाड्याच्या जिल्हा परिषद शाळेत, संदीप गुंड या शिक्षकांनी त्याआधीच मुलांच्या हाती टॅब दिले होते. या भागाला तंत्रज्ञानाचं वावडं कधीच नव्हतं. घोडं अडतं ते रेंजपाशी.

मार्च २०२०मध्ये शाळा बंद झाल्या आणि ऑनलाइन शिक्षण म्हणजे व्हिडिओ कॉल, असं समीकरणच होऊन बसलं. तासभराच्या अशा वर्गाला शेकडो एमबी डेटा लागतो. रेंज गेली की धडाही गेला.

लिहिण्याला मात्र फारच कमी डेटा पुरतो. देवनागरीतलं एक अक्षरचिन्ह साधारणपणे ३ बाइटचं असतं, म्हणजे हजार चिन्हांचं टिपण जेमतेम ३ केबीचं. गूगल डॉक्ससारख्या, अनेकांना एकाच वेळी लिहिता येणाऱ्या सामायिक दस्तऐवजाची ताकद इथेच आहे.

समजा, धसई आणि टोकावडे इथले दोन विद्यार्थी गावच्या पाण्यावर मिळून प्रकल्प लिहीत आहेत. पडद्यावर वाक्य आहे : ‘विहिरीला पाणी नसतं.’ एक जण सुरुवातीला ‘मे महिन्यात’ घालतो. त्याच क्षणी दुसरी ‘पाणी’च्या आधी ‘पुरेसं’ लिहिते. पहिल्याच्या शब्दांमुळे पुढची सगळी अक्षरं सरकतात. सॉफ्टवेअर ही सरकलेली जागा मोजून ‘पुरेसं’ बरोबर ठिकाणी बसवतं. दोघांनाही एकच वाक्य दिसतं : ‘मे महिन्यात विहिरीला पुरेसं पाणी नसतं.’ ही पद्धत एलिस आणि गिब्ज या संशोधकांनी १९८९मध्ये मांडली.

गूगल डॉक्समधली ऑफलाइन सोय आधी चालू करून ठेवली, तर रेंज नसतानाही लिहिता येतं. केलेले बदल फोनमध्येच थांबतात आणि रेंज येताच सगळ्यांपर्यंत पोचतात. केंद्र सरकारच्या ‘दीक्षा’ अ‍ॅपवरचे धडेही एकदा उतरवून घेतले की नेटशिवाय पाहता येतात. घरात एकच मोबाइल असेल आणि तो दिवसभर कामावर जात असेल, तर मूल रात्री आपला परिच्छेद लिहू शकतं. शिक्षक सकाळी त्यावर शेरा देऊ शकतात.

समोरासमोर बोलण्याची जागा लेखन घेणार नाही. लहान मुलांना तर शिक्षकांचा आवाज हवाच. म्हणून मुरबाड-शहापूरच्या शिक्षकांनी आणि शाळा व्यवस्थापन समित्यांनी व्हिडिओ शंकानिरसनापुरता राखून ठेवावा आणि रोजचा अभ्यास सामायिक वहीत न्यावा. सुरुवात एका वर्गापासून, एका प्रकल्पापासून करावी.