‘बचत’ या शब्दाची व्याप्ती : महावितरण आणि वीजग्राहक

वीज कंपनीच्या जाहिरातींत ‘वीज बचत’ ही जोडी आपण इतक्यांदा पाहतो की, तिच्यातील दुसरा शब्द मूळचा मराठी नाही हे सहसा ध्यानात येत नाही. शब्दारंभीचा जुना ‘व’ मराठीने टिकविला, हिंदीत त्याचा ‘ब’ झाला : वीस-बीस, वाघ-बाघ, आणि खुद्द वीज-बिजली. त्याच न्यायाने हिंदी ‘बचना’शी जुळणारे मराठी क्रियापद ‘वाचणे’ हे होय. ‘बचत’ हा शब्द आपल्या ‘ब’वरूनच हिंदीकडून आल्याचे सांगतो. तो स्वीकारला जाण्याचे एक कारण असे संभवते की, मराठीत ‘वाचणे’ हे पठनवाचक क्रियापदही असून ‘वाचन’ हे नाम त्याच्याकडेच गेले आहे. मीटरचे होते ते वाचन. विजेची करावयाची ती बचत.

ही चर्चा केवळ कुतूहलाची नाही. काय वाचवावयाचे हे ग्राहकाला प्रथम शब्दच सांगतो, आणि कंपनीस जे हवे असते ते दर वेळी तेच असते असे नाही.

बोलीतील दुसरा शब्द अधिक बोलका आहे. छत्रपती संभाजीनगरात काय किंवा अन्यत्र काय, सामान्य मराठी माणसाची वीज जात नाही, ‘लाईट’ जाते. देयक हे ‘लाईटबिल’ असते. (या अर्थी ‘लाईट’ स्त्रीलिंगी का, याचे उत्तर बहुधा ‘वीज’ या शब्दाच्या लिंगात आहे.) कूलर, फ्रीज, पाण्याची मोटर हे सारे जिच्यावर चालते तिला आपण दिव्याचे नाव दिले, आणि काटकसरीचा विचारही दिव्यापाशीच थांबला. गणित मात्र निराळे आहे. एक युनिट म्हणजे १००० वॅटचे उपकरण एक तास चालणे. ९ वॅटचा एलईडी दिवा एका युनिटात सुमारे १११ तास जळतो. २०० वॅटचा कूलर पाच तास चालतो. २००० वॅटचा गीझर अर्ध्या तासात ते युनिट संपवितो. आपल्या गावच्या उन्हाळ्यात जो विद्यार्थी दिवा मालवून कूलर मात्र चालू ठेवून खोलीबाहेर पडतो, तो आळशी नसतो. त्याची भाषा त्याला तितकेच सांगते. अमेरिकेत विलेट केम्प्टन व लॉरा माँटगोमेरी यांनी १९८२ मध्ये लोकांच्या ऊर्जामापनाच्या घरगुती रीतींचा अभ्यास प्रसिद्ध केला. तेथेही डोळ्यांना दिसणाऱ्या उपयोगास, विशेषतः दिव्यांना, वाजवीपेक्षा अधिक महत्त्व दिले जात असल्याचे आढळले.

मग कंपन्यांनी आधी दिव्यांवरच भर का दिला? महाराष्ट्र राज्य वीज मंडळाचे २००५ मध्ये विभाजन होऊन महावितरण अस्तित्वात आली. त्याच सुमारास नाशिक परिसरात सीएफएल दिवे देऊन त्यांची किंमत बिलातून वसूल करण्याचा प्रयोग झाला. २०१५ पासून ‘उजाला’ योजनेत एलईडी दिवे आले. याचे कारण एकूण युनिटांइतकेच वेळेतही आहे. दिवे सर्वांच्या घरी एकाच वेळी लागतात, आणि संध्याकाळचा तो उंचवटा भागविणे कंपनीस सर्वांत कठीण जाते.

टंचाईच्या त्या वर्षांत हा उंचवटा कापण्याचे ढोबळ साधन म्हणजे ‘भारनियमन’. शब्द शासकीय घडणीचा आणि मोठा सभ्य. त्यात नियमन दिसते, अंधार दिसत नाही. लोकांनी ‘लोडशेडिंग’च पसंत केले. याच काळातील ‘अक्षय प्रकाश’ योजना मात्र अभ्यासण्याजोगी आहे. गावाने एकमताने संध्याकाळी कृषिपंपासारखी जड उपकरणे बंद ठेवावीत, तारांवरील आकडे काढावेत. बदल्यात दिवे-पंख्यांपुरती वीज त्या वेळी खंडित होऊ नये, असा तो करार होता. ‘आकडा’ म्हणजे तारेवर टाकावयाचा हूक आणि आकडा म्हणजे संख्याही; मूळ संस्कृत ‘अंक’ शब्दातही वाकडेपणा व संख्या हे दोन्ही अर्थ आहेत. हूकवाला आकडा तारेवर असेपर्यंत मीटरमधील आकड्याला अर्थ नसतो. येथे उपदेश नव्हता, देवाणघेवाण होती, आणि शेजाऱ्याने पंप चालविला तर साऱ्या गावाचा अंधार होई. प्रस्तुत लेखकास हे साधन ‘वीज वाचवा’ या आज्ञार्थापेक्षा कितीतरी प्रभावी वाटते.

शेजाऱ्याचा दाखला नेहमीच हितकर ठरतो असेही नाही. कॅलिफोर्नियातील सॅन मार्कोस येथे घरोघरी परिसराचा सरासरी वापर कळविण्यात आला. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात अधिक वापरणाऱ्यांनी वापर घटविला, पण कमी वापरणाऱ्यांनी वाढविला. माहितीसोबत पसंतीदर्शक हसरा चेहरा छापल्यावर ही वाढ थांबली. निव्वळ विधानार्थ पुरला नाही. त्यास शाबासकीची जोड लागली.

आपल्याकडील शाबासकी दरपत्रकात असते. घरगुती वापराचे ० ते १००, १०१ ते ३०० असे टप्पे असून पुढच्या टप्प्याचा दर चढा असतो. तो फक्त पुढील युनिटांना लागतो. १०१वे युनिट आधीची शंभर महाग करते, हा समज चुकीचा आहे. परंतु या चढ्या दरामुळेच मोठा ग्राहक कंपनीस फायद्याचा ठरतो. त्याने वापर कमी करावा असे सांगताना कंपनी आपल्याच मिळकतीविरुद्ध बोलत असते.

आता तर मागणीच बदलली आहे. उद्योगांना वेळेनुसार दर पूर्वीपासून आहेत. १ जुलै २०२५ पासून स्मार्ट मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांनाही सकाळी ९ ते सायंकाळी ५ या वेळेतील वापरावर युनिटमागे ८० पैशांपासून एक रुपयापर्यंत सवलत लागू झाली. दिवसा सौर वीज मुबलक असते, म्हणून. धुलाईयंत्र रात्रीऐवजी दुपारी लावणारी गृहिणी एकही युनिट वाचवीत नाही. तेवढीच वीज वापरते, तरी कंपनीचे काम होते. ‘कमी’ची जागा येथे ‘केव्हा’ने घेतली आहे. या कृतीस मराठीत अद्याप रुळलेले नाव नाही, आणि तोवर तिलाही ‘बचत’च म्हटले जाईल.