डोंगरवाऱ्यावर स्वार होण्यापूर्वी

‘इंजिन नाही, तर मग हे विमान वर राहते तरी कसे?’ ग्लायडरचा विषय निघाला की हा प्रश्न हटकून येतो. त्याचे उत्तर आपल्या डोक्यावर घिरट्या घालणाऱ्या घारीला पक्के ठाऊक असते. ती पंख फडफडवीत बसत नाही. वर चढणारी हवा हुडकते आणि तिच्यावर स्वस्थ तरंगते. ग्लायडरवालाही तेच करतो. पुण्याला हडपसरच्या मैदानावरून उडालेली ग्लायडरे ज्यांनी पाहिली असतील, त्यांना हे नव्याने सांगायला नको.

परंतु माळावर उडणे निराळे आणि डोंगरात उडणे निराळे. माळावर हवेने दगा दिला तर खाली एखादे शेत असतेच. डोंगरात खाली असते दरी, रान, नाहीतर खडक. म्हणून डोंगरातले उड्डाण आदल्या दिवशी, जमिनीवरच सुरू होते. हे मी शिकलो ते दक्षिण फ्रान्समध्ये, आल्प्सच्या पायथ्याशी, द्युरांस नदीच्या खोऱ्यातल्या सँतोबाँ या गावी.

वाऱ्याची दोन तोंडे

डोंगरावर आपटलेला वारा वर वळतो. त्या अंगाने ग्लायडर कड्याला धरून मैलच्या मैल जाऊ शकते. पलीकडच्या अंगाला मात्र तोच वारा धबधब्यासारखा खाली कोसळतो. कधी कधी तो पुढे जाऊन लाटेसारखा पुन्हा उसळतो, आणि या लाटेवर बसून माणसे हिमशिखरांच्याही कितीतरी वर गेली आहेत. अमेरिकेतल्या सिएरा नेवाडा पर्वताजवळ लॅरी एडगर आणि हॅरॉल्ड क्लीफोर्थ १९५२ मध्ये असेच ४४,००० फुटांच्या वर पोहोचले होते.

पण त्या लाटेच्या पोटाखाली हवेचे गरगरते लोळ असतात. २५ एप्रिल १९५५ रोजी हाच निष्णात एडगर अशा लोळात सापडला आणि त्याचे ग्लायडर हवेतच मोडले. पॅरॅशूट अंगावर होते म्हणून तो बचावला. तयारी कशासाठी करायची, असे विचारणाऱ्याला एवढी एक हकीकत पुरे.

आधी देह, मग यंत्र

पहिली तयारी स्वतःची. झोप पुरी हवी, पोटात हलके अन्न हवे आणि जवळ भरपूर पाणी हवे. काचेच्या टपाखाली पाच-सहा तास ऊन खाल्ले की माणूस सुकून जातो आणि मग निर्णय चुकू लागतात. लघवीला लागेल म्हणून पाणीच न पिणे हा काही उपाय नव्हे. तिचीही सोय आधीच करून ठेवावी. दर हजार फुटांना हवा साधारण दोन अंशांनी थंड होते, तेव्हा खाली घामाघूम होत असलो तरी लोकरीचे मोजे चढवायचेच. दहा हजार फुटांच्या वर प्राणवायूची नळी हवी. प्राणवायूची उणीव मोठी लबाड! ती दुखत नाही, खुपत नाही. उलट सारे कसे छान चालले आहे असे वाटत असतानाच बुद्धी मंदावते.

मग यंत्राकडे वळायचे. ग्लायडरचे पंख काढून ठेवता येतात, त्यामुळे ते जोडल्यावर प्रत्येक खिळ नीट बसली आहे ना, हे स्वतः पाहावे लागते. एकाने पंखाचा हलता भाग हाताने घट्ट धरायचा आणि दुसऱ्याने आत बसून दांडा हलवायचा. जोडणी पक्की असेल तर जोर लगेच जाणवतो. बॅटरी भरलेली, प्राणवायूची टाकी भरलेली, पॅरॅशूटची घडी मुदतीतली. आत एकही वस्तू सुटी नको. हवेचा धक्का बसला की साधी पाण्याची बाटली उडून दांड्याखाली अडकायची, आणि मग कड्याशेजारी वळणे मुश्कील!

परतीची वाट

सर्वांत महत्त्वाची तयारी नकाशावर होते. आजची चांगली ग्लायडरे शांत हवेत एक किलोमीटर उंची खर्चून चाळीस किलोमीटर जातात. डोंगरात त्यातले निम्मेच आपले समजायचे, कारण उरलेले निम्मे खाली कोसळणारी हवा कधी गिळील याचा नेम नसतो. या हिशेबाने सिस्तरों, गाप, बार्सलोनेत अशा प्रत्येक विमानतळाभोवती आम्ही वर्तुळे काढीत असू. मधली शेते मोटारीने जाऊन पाहून येत असू. नकाशावर गालिच्यासारखे दिसणारे एक शेत जवळून पाहिले, तर त्याच्यावरून विजेच्या तारा गेलेल्या!

काही नियमही तोंडपाठ हवेत. कड्याजवळ वेग थोडा जास्त ठेवायचा. वळायचे ते नेहमी डोंगराकडे पाठ करून. समोरून दुसरे ग्लायडर आले, तर कडा ज्याच्या उजव्या हाताला त्याला वाट मिळते. दुसऱ्याने बाजूला व्हायचे. उतारामुळे क्षितिजाचा भास फसवा होतो, म्हणून डोळ्यांइतकाच वेगाच्या काट्यावर विश्वास ठेवायचा.

आमचे शिक्षक मागच्या आसनावरून घडोघडी एकच गोष्ट विचारीत: आत्ता हवा संपली तर कुठे उतराल? प्रथम या प्रश्नाचा कंटाळा येई. पुढे ध्यानात आले, की उत्तर तयार असले म्हणजेच मन मोकळे राहते आणि मगच खालचे बर्फ, निळे तलाव व पंखाशेजारून जाणारे गरुड डोळे भरून पाहता येतात. उत्तर नसेल, तर वर चढवणारी हवा कितीही छान असो, दरीकडे पाठ फिरवावी आणि विमानतळाची वाट धरावी. डोंगर कुठे जात नाहीत. ते उद्याही तिथेच असतात.