शिबिराचा आठवा दिवस

पौषाच्या थंडीत वऱ्हाडच्या काळ्या शिवारात कापसाची शेवटची वेचणी चालते, तूर कापणीस येते आणि हरभऱ्याला घाटे धरतात. याच सुमारास अमरावती आणि अकोला या जिल्ह्यांतील कित्येक खेड्यांत एक निराळीच वर्दळ दिसू लागते. शहरातील महाविद्यालयांचे तरुण-तरुणी वळकट्या, घमेली आणि फावडी घेऊन गावच्या शाळेत किंवा समाजमंदिरात उतरतात व सात दिवस तेथेच राहतात. हे राष्ट्रीय सेवा योजनेचे विशेष शिबिर होय.

महात्मा गांधींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, देशातील ३७ विद्यापीठांत ही योजना सुरू झाली. प्रारंभी तीत सुमारे ४०,००० विद्यार्थी होते. स्वयंसेवकाने दोन वर्षांत २४० तास समाजाची सेवा करावी आणि एकदा तरी सात दिवसांच्या शिबिरात राहावे, असा तिचा दंडक ठरला. या योजनेचे बोधचिन्ह कोणार्कच्या सूर्यमंदिरातील रथाच्या चाकावरून घेतलेले आहे. चाकाचे आठ आरे म्हणजे दिवसाचे आठ प्रहर. सेवेस अवेळ नाही, हा त्यांचा अर्थ.

सूर्यरथाचे चाक छातीवर लावणाऱ्या तरुणांनी सूर्याच्या शक्तीचा अभ्यास करावा, हे उचितच आहे. शिबिराचा विषय गावच्या गरजेप्रमाणे ठरविता येतो. स्वच्छ ऊर्जेची आवड असणारी एखादी तुकडी वऱ्हाडातील खेड्यात उतरली, तर तिने काय पाहावे, काय करावे आणि तिच्या नेतृत्वाची परीक्षा कशात आहे, हे समजून घेण्याजोगे आहे.

खेड्याचा दिवस ऊर्जेनेच सुरू होतो आणि ऊर्जेनेच मावळतो. पहाटे चूल पेटते. आता पुष्कळ घरी गॅसची टाकी आली आहे. तथापि टाकी संपली किंवा पैशाची ओढ पडली, की चुलीत पुन्हा पऱ्हाटी जाते. कापूस वेचून झाल्यावर शेतात जी वाळकी झाडे उरतात, त्यांस वऱ्हाडात पऱ्हाटी म्हणतात. ती फुकट मिळते, भडकन पेटते आणि तितकाच धूर करते. हा धूर ज्या स्त्रीच्या डोळ्यांत व छातीत जातो, तिच्या त्रासाची नोंद कोणत्याही वीजबिलात सापडत नाही. घरातील धुरामुळे २०२० साली जगात सुमारे ३२ लाख माणसे दगावली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे.

शेताची गोष्ट निराळी. शेतीपंपांस आठवड्यातून काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री वीज देण्याची रीत महाराष्ट्रात वर्षानुवर्षे चालत आली. हरभऱ्याला किंवा गव्हाला पाणी द्यावयाचे, तर कडाक्याच्या थंडीत, सापकिरड्याच्या भयात, कंदील घेऊन बांधावर उभे राहावे लागे. आपल्यास दिवसा वीज मिळावी, ही शेतकऱ्याची मागणी सुखासाठी नव्हती. ती जिवासाठी होती. ती वीज तरी कोठून येते? अकोला जिल्ह्यात पारस येथे ५०० मेगावॅट क्षमतेचे औष्णिक केंद्र आहे. तेथे दगडी कोळसा जाळून वीज करतात. आपल्याकडील अशा केंद्रांत एक युनिट विजेसाठी सुमारे ७०० ग्रॅम कोळसा जळतो. मागे राख उरते आणि कर्बवायू आकाशात मिसळतो.

शिबिरार्थींचे पहिले दोन दिवस बोलण्याचे नव्हेत, ऐकण्याचे व मोजण्याचे असतात. वही घेऊन घरोघर जावे आणि विचारावे: दिवे किती, पंखे किती, चूल किती वेळ पेटते, सरपण कोण आणते, पाणी कोणत्या वेळी द्यावे लागते? मोजल्यावाचून बोलणारा पुढारी सभेत टाळ्या मिळवील, पण घरातील एक दिवाही वाचविणार नाही.

मोजमाप अवघड नाही. हजार वॅटचे उपकरण एक तास चालले, म्हणजे एक युनिट वीज खर्च झाली. ६० वॅटचा जुना तारेचा दिवा रोज पाच तास लावला, तर ३०० वॅट-तास खर्च होतात. तेवढाच उजेड देणारा एलईडी दिवा ९ वॅटचा असतो. त्यास ४५ वॅट-तास पुरतात. रोजची बचत २५५ वॅट-तासांची. वर्षाकाठी ती ९३ युनिटांवर जाते. म्हणजे एका घरातील एका दिव्यापायी सुमारे ६५ किलो कोळसा वाचतो. सर्वांत स्वच्छ ऊर्जा ती, जी मुळात खर्चच करावी लागत नाही. हा हिशेब गावकऱ्यांपुढे फळ्यावर मांडला, म्हणजे निरक्षर आजीसही तो पटतो. कारण घरखर्चाचा हिशेब ती जन्मभर करीत आलेली असते.

यानंतर सूर्याकडे वळावे. अकोल्याचे ऊन प्रसिद्ध आहे. मे महिन्यात तेथील पारा कित्येकदा ४५ अंशांपलीकडे जातो. इतक्या उन्हात सौरपट्ट्या सर्वांत अधिक वीज देत असतील, असे कोणासही वाटेल. पण ते खरे नव्हे. सौरपट्टीला प्रकाश हवा असतो, उष्णता नको असते. भर दुपारी एक चौरस मीटर जागेवर सुमारे १,००० वॅट एवढी सूर्यशक्ती पडते आणि चांगली पट्टी तिच्यातील साधारण पाचव्या हिश्शाची वीज करते. पट्टीचे तापमान २५ अंशांच्या वर चढू लागले, की दर अंशामागे तिची शक्ती शेकडा एक-तृतीयांश ते दोन-पंचमांश इतकी घटते. उन्हाळ्यात पट्टी ६५ अंशांपर्यंत तापली, तर सुमारे सातवा हिस्सा वीज कमी होते. म्हणून पट्टी छपरास चिकटवून न बसविता खालून वारा खेळेल अशी बसवितात.

दुसरा शत्रू धूळ. काळ्या मातीची बारीक धूळ उन्हाळ्यात सर्वत्र उडते आणि पट्टीवर थर धरते. थर जितका जाड, तितकी वीज कमी. यावर उपाय अगदी साधा: सकाळी पट्टी थंड असताना मऊ फडक्याने व पाण्याने ती पुसावी. यंत्र लाखाचे असो की हजाराचे, त्याचे आयुष्य शेवटी या फडक्यावर अवलंबून असते.

येथे वऱ्हाडच्या माणसास गाडगेबाबांची आठवण होणे साहजिक आहे. २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे त्यांचा जन्म झाला आणि २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीजवळच त्यांनी देह ठेवला. बाबा गावात आले, की प्रथम खराटा घेऊन रस्ते झाडीत आणि रात्री कीर्तनातून लोकांची मने झाडीत. आधी हात चाले, मग वाणी. अमरावतीच्या विद्यापीठास आज त्यांचेच नाव आहे. त्या विद्यापीठातील विद्यार्थ्याने सौरपट्टी पुसण्यात कमीपणा मानला, तर त्याने विद्यापीठाचे नाव नीट वाचले नाही, असेच म्हणावे लागेल.

शिबिरातील तिसरा धडा खारपाणपट्ट्याचा. पूर्णा नदीच्या खोऱ्यात, अमरावती, अकोला व बुलढाणा या तीन जिल्ह्यांत, एक विस्तीर्ण पट्टा असा आहे, की तेथील भूगर्भातील पाणी खारट आहे. ते पिण्यास चालत नाही आणि सतत दिले तर जमीनही बिघडविते. आता समजा, एखादा उत्साही तरुण तेथील शेतकऱ्यास म्हणाला, “काका, तुम्ही सौरपंप बसवा. सूर्य फुकट आहे. दिवसभर पाणी उपसा.” त्यावर काका शांतपणे उत्तर देतील, “बाळा, सूर्य फुकट आहे, पण पाणी खारं आहे. तुझा पंप ते गोड करील काय?” या एका प्रश्नात मोठे शहाणपण साठविले आहे. तेथे आधी शेततळे हवे, पावसाचे गोडे पाणी साठविणे हवे. मग ते पाणी पिकापर्यंत नेण्यास छोटा सौरपंप उपयोगी पडेल. २०१९ पासून केंद्र सरकारच्या कुसुम योजनेतून शेतकऱ्यांस सौरपंपांसाठी साहाय्य मिळू लागले. ज्या शिवारात पाणी गोडे आहे, तेथे हा पंप रात्रीचे जागरण चुकवितो. साधन एकच, पण एका शिवारात ते वरदान ठरते आणि दुसऱ्यात अडगळ. हा भेद ज्यास कळतो, त्यालाच पुढे चालण्याचा अधिकार आहे.

चौथा धडा गोठ्यातील आहे. शेणापासून जळाऊ वायू काढण्याची विद्या आपल्याकडे जुनी आहे. मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठधामात १८९७ साली मैल्यापासून निघणारा वायू दिवाबत्तीसाठी वापरला गेला. पुढे गोबरगॅसची संयंत्रे देशभर झाली आणि १९८१–८२ मध्ये त्यांचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. दोन घनमीटर वायू मिळविण्यास रोज सुमारे ५० किलो शेण आणि जवळजवळ तितकेच पाणी लागते. म्हणजे गोठ्यात चार-पाच जनावरे हवीत. एवढ्या वायूवर लहान कुटुंबाचा स्वयंपाक होतो, धूर होत नाही आणि मागे उत्तम खत उरते. परंतु बैलजोडी विकली गेली, पाणी आटले किंवा रोजचा काला कालविण्याचा कंटाळा आला, की संयंत्र बंद पडते. मग त्याच्या खड्ड्यात पालापाचोळा साचतो.

सुधारित चुलींची कथाही अशीच आहे. १९८३ साली त्यांचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि लक्षावधी घरांत त्या बसल्या. चुलीची कल्पना चांगली होती. तरीही पुष्कळ ठिकाणी धुराडे साफ झाले नाही, भेगा बुजविल्या गेल्या नाहीत, घरच्या तव्यास चुलीचे तोंड जुळले नाही, आणि बायकांनी तीन दगडांची जुनी चूल पुन्हा मांडली. यात बायकांचा दोष नव्हता. ज्यांना तिच्यावर रोज भाकरी भाजावयाची होती, त्यांना पुष्कळदा कोणी आधी विचारलेच नव्हते.

या सर्व धड्यांचा सारांश असा, की यंत्र बसविणे हे कामाचे अर्ध्याहूनही कमी अंग आहे. उद्घाटनाच्या दिवशी दिवा लागतोच. प्रश्न त्याच्या पुढच्या वर्षीचा असतो. म्हणून शिबिराचे अखेरचे दिवस सोपवणुकीचे असावेत. शाळेच्या छपरावर सौरदिव्यांची सोय केली असेल, तर गावातील दोन मुली व दोन मुले निवडून त्यांना तारांची जोडणी, विजेरीची निगा आणि पट्टीची सफाई शिकवावी. त्यांच्या हातांनी एकदा सर्व काही उलगडवून पुन्हा जोडवून घ्यावे. एक नोंदवही ठेवावी. तीत कोणी केव्हा काय केले ते तारखेनिशी लिहावे. दुरुस्तीसाठी गावाने दरमहा थोडी रक्कम बाजूस टाकावी आणि तिचा जमाखर्च ग्रामसभेत वाचून दाखवावा. अडचण आली तर कोणास विचारावे, हेही लिहून ठेवावे. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात अपारंपरिक ऊर्जेच्या अभ्यासाचा स्वतंत्र विभाग आहे. अशा जाणत्या संस्थेशी गावाची ओळख करून देणे, हेही शिबिराचे मोठे कार्य ठरेल.

अशा शिबिरात पुढारी कोण, हे पहिल्या दिवशी सांगता येत नाही. ज्याचे भाषण उत्तम, तो कदाचित नसेल. जी मुलगी स्वयंपाकघरात धुरात तासभर बसून चुलीपुढील आजीची हकीकत टिपते, जो मुलगा ‘मला ठाऊक नाही, विचारून सांगतो’ असे निःसंकोच म्हणतो, जो सर्वांच्या आधी घमेले उचलतो आणि सर्वांच्या शेवटी हात धुतो, तेच खरे पुढारी. राष्ट्रीय सेवा योजनेचे ब्रीदवाक्य ‘मी नव्हे, तर तुम्ही’ अशा अर्थाचे आहे. नेतृत्व म्हणजे स्वतः पुढे उभे राहणे, अशी सामान्य समजूत असते. या ब्रीदाप्रमाणे नेतृत्व म्हणजे दुसऱ्यास उभे राहण्याजोगे करणे होय.

सातव्या दिवशी समारोप होतो. हार-तुरे होतात, छायाचित्रे निघतात, डोळे पाणावतात आणि वळकट्या बांधून मुले परततात. गावात पुन्हा शांतता पसरते. मग आठवा दिवस उजाडतो. त्या दिवशी शाळेच्या छपरावर गावातीलच एखादी आठवीतली मुलगी शिडीने चढते, फडके ओले करते, पट्टीवरची धूळ पुसते आणि खाली येऊन वहीत तारीख लिहिते. तिला तसे कोणी सांगितलेले नसते, तिच्याकडे कोणी पाहतही नसते. संध्याकाळी दिवा लागतो आणि त्याच्या उजेडात चार मुले अभ्यासास बसतात.

तो दिवा लागला, तर शिबिर यशस्वी झाले. तो लागला नाही, तर सात दिवसांची सगळी भाषणे वाऱ्यावर गेली. सूर्य आपले काम रोज बिनचूक करतो; त्याचा उजेड घरात टिकवून धरणारे हात तयार करणे, हे माणसाचे काम आहे.